गावात देश हुडकणाऱ्या मुळीक बाई

मुळीक बाई रोज सकाळी स्कूटीच्या मागच्या सीटवर पृथ्वी बांधून शाळेत येतात.

पृथ्वी म्हणजे पृथ्वीगोल. चांगला कलिंगडाएवढा आहे. इस्लामपूर ते आमचं गाव हे आठ किलोमीटरचं अंतर तो सायकलच्या जुन्या ट्यूबनं आवळलेल्या अवस्थेत पार करतो. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची चाळण केलेली आहे. खड्डा आला की पृथ्वी उडते, आणि बाई मागं न बघता एक हात पाठीमागं नेऊन तिला थोपटतात. एकदा नाक्यावरच्या पोलिसानं त्यांना अडवलं आणि मागं बोट दाखवून विचारलं, "बाई, हे काय?"

"जग," बाई म्हणाल्या.

त्यानं लायसन्स न बघताच सोडलं.

मी या शाळेत रुजू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात न राहवून विचारलं, की हा गोल रोज घरी कशाला नेता? बाई म्हणाल्या, "शाळेत ठेवला की उंदरं खातात. गेल्या वर्षी निम्मा ऑस्ट्रेलिया खाल्ला." मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांनी गोल फिरवून दाखवला. ऑस्ट्रेलियाच्या जागी खरोखर भोक पडलेलं होतं. त्यावर पुठ्ठा चिकटवून बाईंनी स्केचपेननं नवा ऑस्ट्रेलिया काढला होता. तो मूळच्यापेक्षा जरा मोठाच झाला होता, आणि न्यूझीलंडला जागा उरली नव्हती. "न्यूझीलंड पोरांना तोंडी सांगते," त्या म्हणाल्या.

बाईंचं वय पन्नाशीच्या पुढं. अंगानं उंच, सुती साडी, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. त्या पाचवी-सहावीला शिकवतात आणि माझी तिसरी त्यांच्या शेजारच्या खोलीत भरते. मधली भिंत प्लायवूडची आहे. त्यामुळे माझी पोरं सातचा पाढा म्हणत असताना पलीकडून मंगोलिया ऐकू येतो. सात सक बेचाळीस म्हटलं की माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या डोळ्यांपुढं आता घोडीचं दूध येतं. त्याला माझा इलाज नाही.

बाईंचा सगळा कारभार जुलैत सुरू होतो. टेबलावर एक जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, डबा येतो. त्यात देशांच्या नावांच्या चिठ्ठ्या. पाच-पाच पोरांचा एक गट करायचा, गटानं एक चिठ्ठी उचलायची आणि तो देश महिनाभर सांभाळायचा. दरवर्षी एक तरी पोर विचारतं, "बाई, डबा खरंच जर्मनीचा हाय का?" आणि दरवर्षी बाई तेवढ्याच गांभीर्यानं म्हणतात, "हुडका की."

'हुडका की' हा त्यांचा मंत्र. दुसरा नियम असा, की गाव आधी आणि मोबाईल शेवटी. जगातला कुठलाही देश आपल्या गावात कुठंतरी असतोच, फक्त कुणाच्या घरात आहे ते माहीत नसतं, असं त्यांचं ठाम मत आहे. मग पोरं वह्या घेऊन गावभर हिंडतात. दूध डेअरीवर, पिठाच्या गिरणीत, देवळाच्या कट्ट्यावर म्हाताऱ्यांना गाठून विचारतात, "आवं आज्जा, तुमचं कोण परदेशात हाय का?" एखादा आजोबा उत्साहानं सांगतो, की धाकटा भाऊ मुंबईला असतो. पोरं वही मिटतात आणि म्हणतात, "मुंबई चालत न्हाई."

माहिती घेऊन आलं, की बाई ती शांतपणे शेवटपर्यंत वाचतात आणि मग एकच प्रश्न विचारतात, "ह्यात माणूस कुठाय?"

ओंकार नावाचा एक पोरगा होता. त्याच्या गटाला ब्राझील आला. त्याचे वडील हौशी. त्यांनी इस्लामपुरातल्या एका दुकानातून ब्राझीलची बारा रंगीत पानं काढून आणली, वर लॅमिनेशन करून घेतलं. ओंकार ते छातीशी धरून वर्गात आला. बाईंनी बाराही पानं वाचली.

"छान हाय. ह्यात माणूस कुठाय?"

"लोकसंख्या लिवलीया की, बाई."

"तो आकडा झाला. तिथली तुझ्याएवढी पोरगी सकाळी उठून काय खाती?"

ओंकारनं पानं उलटीपालटी केली. लॅमिनेशनमध्ये ते नव्हतं.

पुढचा आठवडाभर तो गट कारखान्याच्या कॉलनीत चकरा मारत होता. तिथं एक निवृत्त साहेब सापडले. ऊस बघायला म्हणून ते कधीतरी ब्राझीलला जाऊन आले होते. त्यांनी पोरांना दोन तास बसवलं. तिथंही गाड्यावर उसाचा रस मिळतो आणि त्याच्याबरोबर लोक कानवल्यासारखा एक तळलेला तिखट पदार्थ खातात, हे ऐकून पोरं हरखली. गटाच्या अहवालाचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. 'ब्राझील हा देश आपल्या वाळवा तालुक्यासारखा आहे, फक्त मोठा आहे.' बाईंनी त्याला दहापैकी दहा दिले आणि मला म्हणाल्या, "वैशाली, हे वाक्य भूगोलाच्या पुस्तकात पायजे होतं."

पण गावात त्यांचं खरं नाव झालं ते सुभेदारांमुळं.

सुभेदार निकम म्हणजे गावाच्या टोकाला राहणारे निवृत्त फौजी. बायको वारलेली, मुलगी सासरी. ते कुणाशी बोलत नसत. अंगणात क्रिकेटचा बॉल गेला, तर पोरं बॉल सोडून द्यायची पण मागायला जायची नाहीत. अशात एका गटाला कांगो आला, आणि कुणीतरी सांगितलं, की सुभेदार शांतिसेनेबरोबर तिकडं गेले होते. गटातली पाचही पोरं चार दिवस त्यांच्या घराला नुसत्या प्रदक्षिणा घालत होती. शेवटी बाई म्हणाल्या, "दार वाजवा. हाकलंल फार तर. हाकललं तर तसं वहीत लिवा."

पोरांनी दार वाजवलं. सुभेदार बाहेर आले.

"काय पायजे?"

चौघं एकमेकांच्या मागं सरली. मग सगळ्यात बारकी कोमल म्हणाली, "कांगो पायजे."

सुभेदार आत गेले आणि पोरांना बसायला पोतं अंथरलं.

त्या दिवशी पोरं अंधार पडायला घरी आली. सुभेदारांनी त्यांना कांगोतली माती सांगितली, पाऊस सांगितला. छावणीजवळ केळी विकणारी एक म्हातारी होती, तिच्याबद्दल सांगितलं. तिनं एकदा त्यांना घरी बोलावून फुफू खायला घातलं. ज्या कंदाचा आपण शाबूदाणा करतो, त्याच्याच पिठाचा तो गोळा. सुभेदारांनी चमचा न मागता हातानं खाल्लं तेव्हा म्हातारी इतकी हसली, की तिनं शेजारच्या बायकांना बोलावून आणलं, हा आपल्यासारखाच खातो म्हणून. भेटल्यावर 'जांबो' म्हणायचं, हेही तिनंच शिकवलं.

कोमलनं वहीच्या शेवटी लिहिलं होतं: 'आम्ही विचारले, तुम्ही हे आधी कुणाला का सांगितले नाही. ते म्हणाले, कुणी इच्यारलंच न्हाई.'

बाईंनी ते पान मला आणून दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून गावात पोरं सुभेदारांना बघून 'जांबो' म्हणायला लागली. आधी ते दचकायचे. मग त्यांनीही उलटं 'जांबो' म्हणायला सुरुवात केली. आता तर दूध घालायला आलेली मोठी माणसंही म्हणतात. आमच्या गावात नवीन आलेल्या ग्रामसेवकाला ते त्यांचं आडनाव वाटलं होतं.

असं सगळं बरं चाललेलं होतं. मग गेल्या वर्षी समीक्षाच्या गटाला हॉलंड आला.

समीक्षा ही पाटलांच्या मळ्यातली पोरगी. हुशार, आणि एकदा डोक्यात घेतलं की सोडायची नाही. तिचा मामा तासगावला असतो आणि त्याची द्राक्षं हॉलंडला जातात, म्हणजे माणूस तिला पहिल्याच दिवशी सापडला. हॉलंडची बरीच जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे, हे तिनं कुठंतरी वाचलं आणि तिची झोप उडाली. आमचं गाव कृष्णेकाठचं. मोठा पूर आला होता तेव्हा समीक्षा चार दिवस शेजाऱ्यांच्या माळ्यावर होती. तिनं हॉलंडच्या पोरांना पत्र लिहिलं: 'तुमचे गाव समुद्राच्या खाली आहे असे कळले. मग पूर आल्यावर तुम्ही कुणाच्या माळ्यावर जाता?'

हे पत्र द्राक्षाच्या पेटीत घालून पाठवायचं, असा तिचा बेत होता. मामा म्हणाला, "बाय माझी, पेटीत कागद घावला तर आख्खा कंटेनर माघारी यील." शेवटी पत्राचं इंग्रजी मी केलं आणि मामानं ते मोबाईलवरून तिकडच्या द्राक्षं घेणाऱ्या माणसाला पाठवलं. त्यानं ते आपल्या मुलीच्या शाळेत दिलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सोबत एक छोटा व्हिडिओ. पोहण्याच्या तलावाच्या काठावर पंधरा-वीस पोरं उभी आहेत. अंगात शर्ट, पँट, पायांत बूट. एकेक जण तसाच पाण्यात उडी टाकतो आणि पोहत पलीकडं जातो. खाली तिथल्या बाईंनी लिहिलं होतं, की आमच्याकडं पोहायला शिकताना शेवटी कपडे आणि बूट घालून पोहून दाखवावं लागतं, कारण माणूस पाण्यात पडतो तेव्हा तयारी करून पडत नाही.

मुळीक बाईंनी तो व्हिडिओ वर्गाला सात वेळा दाखवला. माझ्या तिसरीलाही बोलावून दाखवला. "बघा," त्या म्हणत होत्या, "ह्याला म्हणायचं संस्कृती. नाच-गाणी तर असतातच. पण कुठल्या गोष्टीला माणसं भितात आणि मग काय करतात, ते बघा."

पोरांनी बघितलं. आणि शनिवारी शाळा सुटल्यावर समीक्षाचा गट तिच्या मळ्यातल्या विहिरीवर गेला. पाचही जण गणवेशात, पट्ट्या-बुटांसकट. समीक्षाचा आजा मोटार चालू करत होता. त्यानं मान वर केली तेव्हा पहिली उडी पडलेली होती. त्यानं बोंब मारायच्या आत उरलेल्या चार पडल्या. आजानं धोतरासकट उडी घेतली.

मळ्यातली पोरं, सगळी पट्टीची पोहणारी. पाचही वर आली. फक्त एका पोराचा डावा बूट बुडाला. आजा पायरीवर बसून धापा टाकत म्हणाला, "का रं, का उड्या टाकल्या?"

"आज्जा, हॉलंड," समीक्षा म्हणाली.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी होती, की बाईंनी पोरांना विहिरीत उडी टाकायला सांगितलं. इस्लामपुरात पोचेपर्यंत, बाईंनी स्वतः ढकलली, अशी झाली.

सोमवारी बाई आल्या तेव्हा स्कूटीची मागची सीट रिकामी होती. मी पहिल्यांदाच तसं बघत होते. बाईंनी गाडी स्टँडला लावली आणि किल्ली काढायची विसरून तशाच उभ्या राहिल्या.

"वैशाली," त्या म्हणाल्या, "एकजण वर आलं नसतं तर?"

मी म्हटलं, "तुम्ही कुठं सांगितलं होतं उडी टाकायला?"

"टाकू नका, असंबी सांगितलं नव्हतं. सात वेळा दाखवलं आणि एकदाबी म्हटलं नाही."

आमचे हेडसर स्वभावानं भले आहेत. त्यांना एकाच गोष्टीची भीती वाटते, ती कागदाची. कुठलंही प्रकरण झालं, की ते म्हणतात, "कागद होईल." त्यांनी दुपारी पालकांची सभा बोलावली आणि आधीच बाईंना सांगून टाकलं, की यापुढं देश बंद. पुस्तकात आहे तेवढं शिकवा. बाई म्हणाल्या, "बरं." एवढ्याशा आवाजात त्यांनी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

सभेला व्हरांडा भरला. समीक्षाचे वडील उभे राहिले. शिवीगाळ नाही, काही नाही. ते म्हणाले, "बाई, तुमच्यावर आमचा राग न्हाई. पण माझी एकुलती एक पोरगी हाय. मी रानातनं पळत आलो तवा मला हिरीवर नुसतं दप्तरच दिसलं."

बाई उठल्या. हात जोडले. "चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "पोरांना जग दाखवताना ती त्याचं काय करतील, हे मी धरून चालायला पायजे होतं. हेडसर म्हणतात ते बरोबर हाय. मी बंद करते."

त्यांनी भांडण केलं असतं तर लोकांना सोपं गेलं असतं. मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सुभेदार उभे होते. गावच्या सभेत ते कधी येत नसत. त्या दिवशी आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

"मला एक इच्यारायचं हाय," ते म्हणाले. "मोठा पूर आला तवा कापडं काढून ठिवायला येळ मिळाला व्हता का कुणाला?"

"आपल्यातली पोहणारी माणसं त्या पाण्यात घाबरली. लुगडं पायात आलं, धोतर आलं. हे ठावं हाय सगळ्यांस्नी. पोरांनी केलं ते चुकीचं केलं, कारण न इच्यारता केलं. पण शिकायसारखं हाय. मी फौजेत पोरास्नी पोहायला शिकवलंय. दोरी, टायर, सगळं घेऊन मी शिकवतो. ज्याला भ्या वाटतंय त्यानं काठाव बसावं."

हेडसर म्हणाले, "सुभेदार, कागद होईल."

"होऊ द्या की," सुभेदार म्हणाले. "मी सही करतो."

समीक्षाचे वडील खाली बघत होते. मग म्हणाले, "हीर आमचीच घ्या. पायऱ्या चांगल्या हाईत." आणि बाईंकडं वळून, "आणि बाई, तुमी देश बंद करू नगा. तुमच्यावर आळ आला म्हणून पोरगी दोन दिस जेवली न्हाई."

पुढचे दोन महिने गावात काय झालं, हे सांगितलं तर बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. दर शनिवारी पाटलांच्या विहिरीवर जत्रा भरायची. आधी पोरं. मग पोरांच्या आया काठावर बसून राहण्याला कंटाळल्या आणि एकीनं विचारलं, "आमास्नी शिकीवता का?" सुभेदार जरा लाजले, पण हो म्हणाले. पुरुष माणसांना त्या वेळी मळ्यात बंदी केली. सुभेदार विहिरीकडं पाठ करून बसत आणि तिथूनच हुकूम सोडत. पाठीला पत्र्याचा डबा बांधून आमच्या गावच्या बायका साडीत पोहायला शिकल्या. मी शिकले. माझ्या सासूबाई काठावरून मला सूचना देत होत्या, त्यांना स्वतःला पोहता येत नसताना.

मुळीक बाई मात्र पाण्याला घाबरत. त्या काठावर बूट घालून उभ्या राहायच्या आणि सगळ्यांना हॉलंडची माहिती द्यायच्या. शेवटी समीक्षानंच त्यांना गाठलं. "बाई, आमाला म्हणताय हुडका की. मग तुमी का येत न्हाई?" डबा बांधून, चार बायकांनी धरून त्यांना पाण्यात सोडलं. त्या बुडाल्या नाहीत, पण पुढंही जाईनात. हात मारतील तसतशा जागच्या जागी गोल फिरायला लागल्या. कोमल पायरीवरून म्हणाली, "बाईंचं परिवलन चाललंय." भूगोलातला शब्द इतका बरोबर वापरला गेल्याचं बघून बाई पाण्यातच खूश झाल्या आणि नाकात पाणी गेलं.

त्या फिरण्याचा फोटो हॉलंडला गेला. तिकडच्या शाळेनं तो भिंतीवर लावला, असं उत्तर आलं. साडी नेसून पाण्यात सुखानं फिरणारी ही बाई कोण आहे, असं तिथल्या पोरांनी विचारलं होतं. समीक्षानं माझ्याकडून इंग्रजी करून घेऊन कळवलं: 'या आमच्या बाई आहेत. यांना पोहता येत नाही.'

इतकं सगळं चार वर्षं जवळून बघितल्यावर मला वाटत होतं, की मुळीक बाई मला कळल्या. लग्न केलेलं नाही, आईवडील गेलेले, इस्लामपुरात दोन खोल्यांत एकट्या राहतात, आणि एकटेपण त्यांना शिवतच नाही. इतक्या देशांच्या गडबडीत एकटं वाटायला वेळ तरी कुठं आहे, असं मी घरी सांगायचे.

या चैत्रात आम्ही औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो होतो. डोंगर उतरल्यावर सासूबाई दमल्या म्हणून त्यांना सावलीत बसवलं आणि मी पाणी आणायला गावात शिरले. दुपारची वेळ. एका गल्लीत पायरीवर पांढरे कॅनव्हासचे बूट दिसले आणि ओट्यावर मुळीक बाई. मांडीवर ताट घेऊन घेवडा मोडत होत्या. शेजारी एक म्हातारी बसलेली होती.

मला बघून बाई पहिल्यांदा चपापल्या. मग म्हणाल्या, "आलीस, बरं झालं. पाणी पी. ह्या शालनमावशी. मी इथं शाळेत होते तेव्हा ह्यांचा महेश माझ्या पाचवीत होता. आता स्वीडनला असतो."

मी टेकले, तेवढ्यात आत फोन वाजला. मावशी लगबगीनं उठल्या, पदर सारखा केला. बाईंनी फोन घेतला, बटण दाबलं आणि मावशींच्या समोर धरला. स्वतः भिंतीला अशा चिकटून उभ्या राहिल्या, की त्यांचा नुसता हातच पुढं होता. महेशला दिसणार ती फक्त आई.

त्याचा आवाज ऐकू येत होता. जेवलीस का, गुडघा कसा आहे, गोळ्या घेतेस ना. मग मध्येच त्यानं विचारलं, "फोन कुणी धरलाय गं?"

"शेजारची हाय," मावशी म्हणाल्या.

मग तो म्हणाला, की यंदा दिवाळीलाही जमणार नाही. सुट्टी मिळत नाहीये. मावशी म्हणाल्या, "आसू दे की, बाबा. तू जिवाला जप." बाईंचा हात जराही हलला नाही. फोन बंद झाल्यावर त्यांनी तो फळीवर ठेवला आणि परत घेवडा मोडायला बसल्या, काही झालंच नाही असं.

मावशी मला म्हणाल्या, "ह्यांनीच नादाला लावला बघ त्येला. ती चिठ्ठी-बिठ्ठी उचलायची. तो गेला तवा म्या ह्यांच्या दारात जाऊन लय शिव्या दिल्या."

"चांगल्या दिल्या होत्या," बाई हसत म्हणाल्या. "दोन मला नवीन होत्या."

त्या मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आल्या. मी विचारलं, "किती वर्षं येताय?"

"सहा झाली. दर रविवारी. पहिली यष्टी धरली की दहापर्यंत पोचते. त्यांना तो फोन उचलायला जमत नाही."

"मग महेशला सांगत का नाही? त्याला बरंच वाटेल."

बाईंनी पदरानं मान पुसली. "त्याला वाटेल, आईला टाकून आलो म्हणून बाईंना तिथं जावं लागतंय. मग त्याला तिकडं दोन घास गोड लागायचे नाहीत. चांगला पोरगा हाय तो. त्यानं स्वीडनची चिठ्ठी उचलली तेव्हा मी किती नाचले होते तुला सांगू. पोर चिठ्ठी उचलतं तेव्हा त्याच्या घरात मागं कोण राहणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं."

पाण्याची बाटली या हातातून त्या हातात घेत उभी राहिले.

"आणि एवढं मोठं करून सांगू नकोस शाळेत," त्या म्हणाल्या. "मी काय उपकार करत नाही. आठवड्यातनं एकदा तरी कुणीतरी माझ्यासाठी कालवण करतंय. ते मला कुठं मिळणार?"

तेवढ्यात आतून मावशींची हाक आली. "बाई, वाढलंय. भात निवतोय."

"आले, आले," बाई म्हणाल्या. मला 'ये' म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. साडीचा घोळ हातात धरून, शाळा सुटलेल्या पोरीसारख्या त्या भराभर घराकडं गेल्या.